सत्तरीनंतर मेंदूसाठी साखर किती खाली ठेवायची?

तापीकाठ: साखर म्हटलं की डोळे, किडनी, पाय. मेंदूचं नावच कुणी काढत नाही. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात सिएटलच्या २,०६७ वयस्कांचा अभ्यास आला. मधुमेह नसलेल्यांतही सरासरी साखर १०० ऐवजी ११५ असली, तर डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका १८ टक्के जास्त. मधुमेहींत १६० ऐवजी १९० असली, तर ४० टक्के. तरी आखाजीला "आता वय झालं, खाऊ द्या" म्हणत आमरस वाढतोच आपण. माझं मत स्पष्ट आहे: एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) ६.५ च्या आत, वय कितीही असो.

भरीतभाकरी: आकडे बरोबर भाऊ, निष्कर्ष नाही. तो नुसता निरीक्षणाचा अभ्यास. साखर मुद्दाम उतरवून पाहिली ती मधुमेहाच्या अ‍ॅकॉर्ड या मोठ्या चाचणीच्या मेंदूविषयक भागात, म्हणजे अ‍ॅकॉर्ड-माइंडमध्ये (निकाल २०११): एका गटाचा एचबीएवनसी ६ च्या खाली, दुसऱ्याचा ७ ते ७.९. ४० महिन्यांनी बुद्धीच्या चाचण्यांत दोघे सारखेच. वर मूळ अ‍ॅकॉर्डमध्ये कडक गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून २००८ मध्येच ते उपचार थांबवले.

म्हाताऱ्या माणसाला खरी भीती साखर उतरण्याची. किडनी मंदावली की ग्लिबेनक्लामाइड (साखर उतरवणारी गोळी) अंगात रेंगाळतं. त्यात एकादशी! गोळी सकाळी नेहमीसारखी, पोटात काही नाही. दुपारी घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, आणि घरचे म्हणतात "चळ लागला". आधी बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा नको, तुपामुळे साखर रक्तात उशिरा चढते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी परत उतरते, तेव्हा एकदा बरं वाटलं म्हणून एकटं सोडू नका.

तापीकाठ: त्याच अ‍ॅकॉर्ड-माइंडमध्ये कडक गटाचा मेंदू एमआरआयवर कमी आकसलेला दिसला. ते बरं सोयीने गाळलं!

भरीतभाकरी: आकार थोडा राखला, कामात फरक नाही. शवविच्छेदनात मधुमेहींच्या मेंदूत जास्त सापडतात ते बारीक रक्तवाहिन्या तुंबून मेलेले ठिपके. अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) जास्त असल्याचं बहुतेक अभ्यासांत दिसत नाही. म्हणजे मुद्दा रक्तवाहिन्यांचा, तेव्हा बीपीही तितकंच सांभाळायला हवं.

सातपुडापायथा: दोघं ज्या आकड्यावर भांडताय तोच आपल्याकडे फसवा. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. लाल पेशी लवकर मरतात, एचबीएवनसी खोटा कमी येतो. लोह कमी असेल तर उलट, खोटा जास्त. मग डोस वाढतो आणि साखर कोसळते. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर नोंदी ठेवा. एचबीएवनसी ७ म्हणजे सरासरी साखर साधारण १५४. मेळ बसत नसेल तर नोंदींवर विश्वास ठेवा. आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्या शाकाहारी माणसाला विसरायला होत असेल, तर बी-१२ आधी तपासा.

तापीकाठ: ताई, हे पटलं. पण नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर सहसा धोक्याइतकी खाली उतरत नाही. अशा धडधाकट माणसालाही अभ्यासातल्या दुसऱ्या गटासारखं ८ पर्यंत मोकळं सोडायचं?

भरीतभाकरी: त्याला ७ ठेवा, हरकत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिबेनक्लामाइडवर असलेल्याला मात्र ६.५ चा आग्रह धरू नका.