टेकडीच्या गणपतीला शब्द दिला, आता तिसरी प्रतिज्ञा वाचताना आवाज अडतो

इंदोऱ्याची मुलगी
जय भीम. वय २१, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. फेब्रुवारीत बाबांची बायपास झाली. नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात चार तास लागतील म्हणाले होते, सहा झाले तरी आतून कोणी येईना. मैत्रीण म्हणाली, चल, लगेच येऊ परत. तिच्या गाडीवर बसून टेकडीच्या गणपतीला गेले. हात जोडले आणि मनात बोलून गेले की बाबांना वाचव, दर मंगळवारी येईन. तिनं कपाळाला शेंदूर लावला. दवाखान्याच्या जिन्यात मी तो रुमालानं पुसला, कारण वर आजी बसली होती. रुमाल अजून पर्समध्ये तसाच आहे, धुवायला हात होत नाही.

बाबा बरे झाले. मी एकदाही गेले नाही.

रविवारी बुद्धविहारात लहान मुलांची वंदना मी घेते. त्रिशरण, पंचशील, मग बाबासाहेबांनी धम्मदीक्षेत दिलेल्या २२ प्रतिज्ञा. तिसरी गौरी-गणपतीची, त्यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. तिथं माझा आवाज बसतो आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. टेकडीवर गेले तर प्रतिज्ञा मोडते. नाही गेले तर दिलेला शब्द खोटा, म्हणजे पंचशीलातलं 'मुसावादा वेरमणी', खोटं न बोलण्याचं शील मोडलं. आणि खरं सांगू का, मंगळवारी बाबांना जरा धाप लागली तरी पोटात गोळा येतो. वंदनेत मागायचं काहीच नसतं, मग त्या रात्री मी काय म्हणायला हवं होतं?

निवृत्त शिक्षिका, कामठी
बेटा, मागावंसं वाटलं यात तुझं काही चुकलं नाही. बाप आत होता. पण बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे बाबासाहेबांनी मुद्दाम ठासून सांगितलं. सौदा करायला आपल्याकडे समोर कोणी नाहीच. त्या रात्री 'करणीय मेत्त सुत्त' म्हणता आलं असतं. त्यात आई आपल्या एकुलत्या एका लेकराला जीव देऊन जपते, तसं सगळ्या जिवांविषयी मन ठेवायला सांगितलंय. त्यानं ऑपरेशन लवकर संपलं नसतं, तुझे हात थरथरायचे थांबले असते. आणि कृतज्ञता वाटतेच आहे, तर बाबांना ज्यांचं रक्त चढलं त्यांची आठवण ठेवून रक्तदान कर.

महालातली ताई
मी टेकडीची भक्त, दर संकष्टीला रांगेत असते, तरी लिहिते. घाबरून बोललेला नवस फेडला नाही म्हणून माझा गणपती कुणाच्या बापाच्या छातीवर बसत नाही. भीतीपोटी येऊ नकोस. आणि मैत्रिणीवर रागावू नकोस गं, तिच्याजवळ होतं ते तिनं तुला दिलं.

धम्म अभ्यासक
मी जरा कडक बोलतो. प्रतिज्ञा सोयीप्रमाणे वाकवायच्या नसतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेत लाखो लोकांनी त्या उभं राहून घेतल्या. मात्र पंचशीलातला 'सिक्खापदं' शब्द बघ. शिकण्याचा नियम. 'समादियामि' म्हणजे तो मी अंगीकारतो. माणूस चुकतो हे धरूनच प्रत्येक वंदनेत आपण तो नव्यानं घेतो. विहारातल्या भन्तेंना, भिक्खूंना सांग, मन मोकळं कर. लपवून मुलांसमोर उभी राहू नकोस.

इंदोऱ्याची मुलगी
भन्तेंकडे जायच्या आधी काल आजीला सांगितलं. ती ८१ वर्षांची. १९५६ला १२ वर्षांची होती, बापाच्या खांद्याला खांदा लावून पांढरं लुगडं नेसून दीक्षेला गेली होती. मला वाटलं रडेल. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.

म्हणाली, "घरचे सारे देव माह्या बापानं कन्हानमंदी सोडले. मायनं मरीमायचा टाक ज्वारीच्या कणगीत लपवला. बापाले मालूम होतं, पण तो बोलला नाही. दोन वर्षं राह्यला तो टाक तिथं. मंग एक दिवस मायच गेली अन् टाकून आली. काऊन, ते आमाले कधी नाही सांगितलं तिनं."

मी विचारलं, आणि तू? तू कधी हात जोडलेस? ती सूप झटकत म्हणाली, "तुह्या बापाच्या ऑपरेशनच्या रात्री मी आंगठा दाबून बसली होती. कोनाले म्हणू तेच समजे ना."

रक्तगट बाबांचाच आहे माझा, बी पॉझिटिव्ह. सोमवारी रक्तपेढीत जाते. रविवारी तिसरी प्रतिज्ञा मीच वाचणार, आजी मागे बसते म्हणाली. बाबांना मात्र अजून काही सांगितलेलं नाही.