ज्येष्ठांच्या वसाहतीतील रहिवाशांची मते परस्परविरोधी. कोणाचे किती मानावे?

अंत्रुजवासी

सर्वांस नमस्कार. मी गोव्यातील फोंडा तालुक्यात राहणारा निवृत्त शिक्षक असून माझे वय ७३ आहे. पत्नी सत्तर वर्षांची आहे. तिला पार्किन्सन्स (कंपवात) असल्याचे निदान होऊन काही काळ लोटला आहे आणि सध्या ती काठीच्या आधाराने घरात हिंडते-फिरते. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. घर जुने, कौलारू. न्हाणीला जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. कामाला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही, ही आपल्याकडची नेहमीची रड येथे पुन्हा सांगत नाही. बार्देशातील ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या एका वसाहतीत सदनिका घ्यावी, असे आमचे जवळजवळ ठरले होते.

जवळजवळ म्हणतो, कारण तेथील रहिवाशांशी बोलल्यावर आम्ही पुरते गोंधळून गेलो आहोत. पुण्याहून आलेल्या एका दांपत्याच्या मते याहून सुखाची जागा नाही. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका बाईंच्या म्हणण्याप्रमाणे जेवण बेचव आहे, कर्मचारी सारखे बदलतात आणि मासिक शुल्क मात्र न चुकता वाढते. ज्यांची पत्नी गेले वर्षभर अंथरुणाला खिळून आहे, ते गृहस्थ एवढेच म्हणाले, “पाय चालतात तोवर सगळे आपले.” एका आजींच्या दुबईतील मुलीशी फोनवर बोललो; तिला व्यवस्थापनाचे करावे तेवढे कौतुक थोडेच वाटत होते, कारण आईची छायाचित्रे तिला रोज व्हॉट्सॲपवर मिळतात. इंटरनेटवर पाहावे तर कोणी पाच तारे दिलेले, कोणी एक. मधले कोणीच नाही.

एवढी मते ऐकून त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही, हे मला कळते. पण मग कोणते मत धरावे आणि कोणते सोडून द्यावे? ज्यांनी असा निर्णय घेतला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बार्देशची लेक

आपण लिहिलेली चारही मते मला एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. ती वेगवेगळ्या अवस्थेतील माणसांची मते आहेत. धडधाकट दांपत्याला बाग, सोबत आणि स्वच्छता हवी असते, ती त्यांना मिळत आहे. अंथरुणाला खिळलेल्या बाईंना रात्री दोन वाजता कूस बदलून देणारे माणूस हवे असते, ते बहुधा मिळत नाही. दुबईतील मुलीला आपली आई सुखरूप असल्याची खात्री हवी आहे आणि छायाचित्राने ती होते. परंतु छायाचित्र काढण्याआधी आईला किती वेळ थांबावे लागले, हे छायाचित्रात दिसत नाही.

माझ्या आईसाठी जागा पाहताना प्रत्येकाच्या मतापुढे मी तीन गोष्टी लिहून ठेवत असे: बोलणारी व्यक्ती स्वतः राहते की तिचे कोणी राहते, तिला दैनंदिन कामांत मदत लागते का, आणि हा अनुभव कोणत्या काळातला आहे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. अशा अनेक वसाहतींत इमारत एक जण बांधतो आणि सेवा दुसरी कंपनी पुरवते. पुढे ती कंपनी बदलते, स्वयंपाकाचा ठेकेदार बदलतो, चांगली मेट्रन नोकरी सोडून जाते. दोन वर्षांपूर्वीची स्तुती आणि दोन वर्षांपूर्वीची निंदा, दोन्ही आज लागू असतीलच असे नाही. म्हणून “जेवण वाईट आहे” असे कोणी म्हटले की मी विचारत असे, “तेव्हा मेस कोणाकडे होती?”

आता आपल्या पत्नीविषयी. पार्किन्सन्स हळूहळू वाढणारा आजार आहे, त्यामुळे आज काठी घेऊन चालणाऱ्या रहिवाशाचा अनुभव आपल्याला फारसा उपयोगी नाही. तीन-चार वर्षांनी त्या ज्या अवस्थेत असतील, त्या अवस्थेतील माणसाचे मत आपल्याला हवे आहे, आणि आपण भेटलेल्यांपैकी ते एकाच गृहस्थांकडे आहे. त्यांना पुन्हा भेटा, मात्र त्यांचे समाधान-असमाधान विचारू नका. औषध वेळेवर मिळते का, ते विचारा. या आजारात लेव्होडोपा या मुख्य औषधाची गोळी ठरलेल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा मिळाली, तरी माणूस जागच्या जागी खिळल्यासारखा होऊ शकतो आणि नेमका अशा वेळी उठायला गेला तर पडू शकतो. काही रुग्णांमध्ये प्रथिनयुक्त जेवणाबरोबर गोळी घेतल्यास तिचा परिणाम कमी होतो, म्हणून डॉक्टर ती जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगतात. आता जेवणाची वेळ मेसने ठरवलेली आणि गोळ्यांची फेरी परिचारिकेच्या सोयीने होणारी असेल, तर तेथील बाग कितीही सुंदर असली तरी आपल्या घरची अडचण सुटत नाही. उलट वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जेवणाच्या चवीबद्दल केलेली तक्रार मी आपल्या जागी असते तर फार मनावर घेतली नसती. कर्मचारी सारखे बदलतात ही त्यांची दुसरी तक्रार मात्र अवश्य घेतली असती, कारण गोळ्यांचे वेळापत्रक नव्या माणसाला दर वेळी नव्याने शिकवावे लागते.

दक्षिणायन

मी स्वतः सासष्टीतील अशाच एका वसाहतीत राहतो, म्हणून आतली बाजू सांगतो. आमच्याकडे कोणी चौकशीला आले की बहुतेक जण चांगलेच बोलतात, आणि ते खोटे बोलतात असेही नाही. घर विकून, मुलांशी वाद घालून आणि नातेवाइकांचे टोमणे ऐकून येथे आलेला माणूस अनोळखी पाहुण्यापुढे आपला निर्णय चुकला असे सहसा म्हणत नाही. याउलट ज्यांना मुलांनी आणून ठेवले आहे, त्यांना डाळीतही खोट दिसते. त्यांचा राग डाळीवर नसतो. त्यामुळे कौतुक आणि तक्रार दोन्ही बाजूला ठेवावी आणि दोन्ही पक्ष ज्या बारीक गोष्टींवर सहमत आहेत, तेवढ्याच उचलाव्यात. आमच्या येथे सुखी-दुःखी सगळे एका बाबतीत एकमत आहेत: रविवारी रात्री परिचारिका नसते.

पाहणीला गेल्यावर दाखवण्यासाठी सजवलेली सदनिका पाहू नका. कोणा रहिवाशाच्या परवानगीने त्यांचे न्हाणीघर पाहा. आमच्याकडे प्रत्येक न्हाणीघरात मदतीसाठी ओढायची तांबडी दोरी आहे. फरशी पुसताना भिजते म्हणून सफाईवाल्याने ती कित्येक ठिकाणी वर गुंडाळून टॉवेलच्या दांडीला गाठ मारून ठेवली होती. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तेथे पोहोचणे शक्य नव्हते. माहितीपत्रकात मात्र “प्रत्येक न्हाणीघरात आपत्कालीन घंटा” असे छापले होते आणि तेही खरेच होते. दोरी दिसली तर ती ओढून पाहा. कोण येते, किती वेळाने येते आणि आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काळजी आहे की त्रासिकपणा, हे पाहिल्यावर निम्मे प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

ऋतूचाही विचार करावा. डिसेंबरमध्ये पाहिलेली वसाहत आणि जुलैतली वसाहत यांत फार अंतर असते. पावसात भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते, वीज जाते. अशा वेळी जनरेटरवर लिफ्ट चालते की फक्त व्हरांड्यातले दिवे लागतात, हे जुलैतच कळते. किनाऱ्याकडच्या वसाहतींचे नेमके उलटे आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस पर्यटकांच्या गर्दीतून रुग्णवाहिका बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किती वेळात पोहोचते, ते विचारायला हवे.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या गोमंतकीयांसाठी. आमच्या शेजारी मुंबई-पुण्याकडून आलेले बरेच जण आहेत आणि औषधोपचाराच्या खर्चाबाबत त्यांची तक्रार मोठी असते. ती खरी आहे, पण आपल्याला ती तशीच्या तशी लागू होत नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचे, कार्ड मिळण्यासाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, आणि गोमेकॉत बिगरगोमंतकीयांना २०१८ पासून शुल्क भरावे लागते. उलट त्यांना न जाणवणारी एक उणीव आपल्याला जाणवेल. आमच्याकडे संध्याकाळचे कार्यक्रम हिंदी-इंग्रजीत होतात, वाचनालयात मराठी वर्तमानपत्र मागून घ्यावे लागले, आणि उकड्या तांदळाची पेज आचाऱ्याला शिकवावी लागली. चवथीला मात्र सगळेच आरतीला येतात, अगदी दिल्लीचे कर्नलसाहेबसुद्धा.

अंत्रुजवासी

दोघांचेही मनापासून आभार. औषधाच्या वेळेचा मुद्दा पत्नीला वाचून दाखवला. “हे मला आधी विचारले असतेत तर मीच सांगितले असते,” असे ती म्हणाली. त्या गृहस्थांना पुन्हा भेटणार आहोत. शुल्कवाढीच्या तक्रारीकडे कसे पाहावे, हे मात्र अजून उमगलेले नाही. व्यवस्थापनाच्या मते वाढ महागाईनुसार आहे. बाईंच्या मते ती मनमानी आहे.

नोटरी, मडगाव

या प्रश्नाचे उत्तर रहिवाशांकडे नाही आणि व्यवस्थापनाकडेही नाही, ते करारनाम्यात आहे. म्हणून करारनाम्याचा मसुदा आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मागावा. मासिक शुल्क वर्षाला कमाल किती टक्के वाढू शकते, ते कोण ठरवते, जीएसटी त्यात धरला आहे की वेगळा, आणि आया किंवा परिचारिका लागल्यास तिचा दर शुल्कात आहे की बाहेर, एवढे त्यात लिहिलेले असेल तर बाईंचे खरे की व्यवस्थापनाचे, हे आपण स्वतः ठरवू शकाल. लिहिलेलेच नसेल, तर बाईंची तक्रार खरी धरून चालावे.

लोक येथे दोन गोष्टींची गल्लत करतात, आणि त्यामुळेही मते टोकाची होतात. सदनिकेचा ताबा, क्षेत्रफळ आणि बांधकाम यांविषयीच्या तक्रारी २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याखाली येतात. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत आढळलेला बांधकामातील दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. जेवण, परिचर्या, घंटेला न मिळालेला प्रतिसाद ही मात्र सेवेतील त्रुटी आहे. तिच्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करू शकतो. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली असून त्यांत विकासक, सेवा पुरवणारी संस्था आणि घर घेणारा यांच्यात त्रिपक्षीय करार असावा, असे सुचवले आहे. ही तत्त्वे राज्यांसाठी सल्ल्याच्या स्वरूपाची आहेत; तरीही आपल्याला दाखवलेल्या मसुद्यात सेवा पुरवणाऱ्या संस्थेची सही कोठेच नसेल, तर ती का नाही, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

एका कलमाकडे मी अशिलांचे लक्ष मुद्दाम वेधतो. आजार ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास रहिवाशाने अन्यत्र सोय करावी, अशा अर्थाचे वाक्य काही करारांत असते. ती मर्यादा कोणता डॉक्टर ठरवणार, किती दिवसांची सूचना मिळणार, आणि सदनिका विकायची झाल्यास ती साठ वर्षांवरील व्यक्तीलाच विकण्याची अट असेल तर खरेदीदार मिळेपर्यंत देखभाल शुल्क कोणी भरायचे? पार्किन्सन्सचा रुग्ण घरात असताना हे कलम न वाचता सही करणे मला योग्य वाटत नाही.

डिचोलीकर वहिनी

वरील सर्व मान्य आहे, पण तोलून पाहण्याची ही पद्धत प्रत्येक तक्रारीला लावू नये. रहिवाशाला खोलीत कोंडले, अंगावर हात टाकला, पडलेल्या माणसाविषयी घरच्यांना कळवले नाही, अशी एकही गोष्ट खात्रीलायक कानावर आली, तर बाकीचे सगळे रहिवासी खूश असले तरी तेथे जाऊ नये. अशा प्रसंगी १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तोही क्रमांक जवळ असू द्यावा.

आणखी एक सांगते. घर विकू नका, निदान पहिले वर्ष. न्हाणीच्या त्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार बांधून भिंतीला कठडा बसवणे हे गवंड्याचे चार दिवसांचे काम आहे. परत यावेसे वाटले तर घर तयार हवे.

बार्देशची लेक

वहिनींच्या सूचनेला जोडून लिहिते. सदनिका घेण्याआधी अतिथीकक्षात महिनाभर भाड्याने राहू द्याल का, असे व्यवस्थापनाला विचारा. काही ठिकाणी ही सोय असते. राहिलात तर दोघे राहा, आणि पत्नीच्या गोळ्या आपल्या हाताने देऊ नका. वेळापत्रक लिहून परिचारिकेकडे सोपवा आणि गोळी प्रत्यक्ष केव्हा मिळाली, ते आपल्या वहीत टिपून ठेवा. महिनाअखेरीस त्यांची नोंदवही मागून आपल्या वहीशी ताडून पाहा. नोंदवही दाखवायला त्यांनी नकार दिला, तर त्या वसाहतीबद्दल आणखी कोणाला विचारत बसू नका.