कोर्दोबा: राहिलात की नुसतेच उतरलात? (अनुभव लिहा)

पारिजातक:
परवा सोसायटीच्या ग्रुपवर स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मेस्कितेच्या (पूर्वीची मशीद, आता कॅथेड्रल) आगीचा व्हिडिओ पुन्हा फिरत आला. ८ ऑगस्ट २०२५ च्या रात्रीचा. तेव्हाही पाहिला होता आणि पोटात गोळा आला होता. आग लवकर आटोक्यात आली, एका चॅपेलचं छत गेलं, बाकीचा डोलारा वाचला, दुसऱ्या दिवशी लोकांना आतसुद्धा सोडलं. पण तो धूर पुन्हा बघितला आणि दिवसभर कामात लक्ष लागेना.

आम्ही गेलो होतो एप्रिलमध्ये, सासूबाईंना घेऊन. माद्रिदहून सेव्हियाला जाताना मध्ये लागतं म्हणून सगळे तिथे अर्धा दिवस टाकतात. टूरवाल्यानेही तसंच लिहून दिलं होतं. सासूबाईंचे गुडघे बघून आम्ही रात्र राहायचं ठरवलं आणि त्यामुळे सकाळी साडेआठला मेस्कितेत शिरता आलं. तेव्हा सकाळचा पहिला तास फुकट असायचा आणि ग्रुपवाल्यांना त्या वेळात सोडत नसत. आत जेमतेम वीसेक माणसं. सासूबाईंनी खांब मोजायला घेतले, चाळिशीपर्यंत गेल्या आणि मग कुठून सुरुवात केली तेच हरवलं. एकूण ८५६ आहेत. पण गंमत संख्येत नाही. नीट बघितलं तर खांब एकसारखे नाहीतच. कुठला रोमन, कुठला रोमनांनंतर तिथे राज्य केलेल्या व्हिसिगॉथांच्या काळातला, पडक्या इमारतींतून उचलून आणलेले. उंची जमेना म्हणून कुणाच्या पायाखाली बैठक, तर कुणी तसाच थेट जमिनीत उभा. तेवढ्यावर छत बुटकंच राहिलं असतं, म्हणून कमानीवर आणखी एक कमान. लाल वीट, पांढरा दगड, लाल वीट, पांढरा दगड. सासूबाई म्हणाल्या, "जुनं सामान वापरून घर बांधलंय गं." मला त्या गाइडच्या अर्ध्या तासापेक्षा हे वाक्य जास्त पटलं.

तर तुम्ही लिहा. राहिलात की उतरून परत गाडीत? कसंही लिहा, फोनवरून लिहा, शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.

चकलीभाजणी:
उतरलो. तीन तास. त्यातला एक स्वच्छतागृह शोधण्यात. बाकी सांगण्यासारखं काही नाही 😀

भटकभवानी:
जुलैत जाऊ नका. जुलैत जाऊ नका. तिसऱ्यांदा लिहिणार होते पण पोळ्या करतेय. आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचं कौतुक सांगू नये असं ह्यांचं म्हणणं. दुपारी तीनला रोमन पुलावर उभे. पुलावर सावली नावाची गोष्ट नाही. मुलगा बाबागाडीत, आणि जुन्या गावात सगळीकडे गोट्यांची फरसबंदी, बाबागाडीचं एक चाक तिथेच निखळलं. दुकानं बंद, पाणी विकणाराही झोपलेला. पाच वाजेपर्यंत गाव मेल्यासारखं. रात्री अकराला मात्र चौकात लहान लहान पोरं फुटबॉल खेळतायत आणि आज्या खुर्च्या टाकून बसल्यात.

वऱ्हाडीठेचा:
@भटकभवानी, नागपूरवाल्यांनी असं कबूल करायचं नसतं, आमची पण इज्जत जाते

कातळशिल्प:
उन्हाचं खरंच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच कोर्दोबा प्रांतातल्या ला रांब्ला गावी ४७.६ अंश नोंदलं गेलं होतं. एप्रिल-मे किंवा थेट ऑक्टोबर.

रहाटगाडगं:
पुलाच्या जवळच नदीच्या काठाला एक भलं मोठं लाकडी चाक आहे, आल्बोलाफियाचं. त्याचं कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. नदीचं पाणी उचलून वर राजवाड्याकडे न्यायचं त्याचं काम. असं सांगतात की इसाबेला राणी शेजारच्या आल्काथारमध्ये, म्हणजे किल्लेवजा राजवाड्यात, मुक्कामाला असताना तिला त्याच्या कुरकुरीने झोप येईना, म्हणून तिने ते काढायला लावलं. आता आहे ते नंतर पुन्हा उभं केलेलं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, बायको कंटाळून आइस्क्रीम खायला गेली. आमच्या आजोळी अष्टागरात वाडीला रहाट होता. पहाटे त्याची कुरकुर सुरू झाली की समजायचं, शिंपणं सुरू झालं. आम्हाला त्या आवाजाने झोप लागायची, राणीची उडायची. ज्याचं त्याचं नशीब.

मोगरा_अबोली:
@रहाटगाडगं अष्टागरात कुठे? नागाव का?

रहाटगाडगं:
नागावच. तुम्ही?

मोगरा_अबोली:
चौल! रहाट गेले हो सगळे. आमच्या विहिरीवर पंप बसला तेव्हा मी चौथीत होते. आता वाडीत कॉटेज बांधलीत, शनिवार-रविवार पुण्याच्या गाड्या. बरं विषयावर येते: कोर्दोबाला गेलेले नाही. 😄

उपाशी_विठोबा:
शाकाहारी लोकांसाठी सूचना. साल्मोरेहो मागवा. टोमॅटो, पाव, ऑलिव्ह तेल, लसूण एकत्र घुसळलेलं दाट गार सूप. मात्र वर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे पेरून देतात. आधीच सांगायचं, हामोन नको. मी सांगितलं. वाढणारा मनापासून "सी सी" म्हणाला आणि हॅमऐवजी ट्यूना मासा घालून आणला. चेहऱ्यावर असा आनंद की मलाच परत करायला जड गेलं. बायकोने खाल्लं, ती मालवणची आहे. मग वांग्याच्या तळलेल्या चकत्या आल्या, वर काकवीसारखा पाक. कागदावर वाचून विचित्र वाटलं होतं, पण दोन ताटल्या संपल्या.

चकलीभाजणी:
ट्यूना म्हणजे भाजीच, पाण्यातली

खडूस_आजोबा:
चकली, पाण्यातली भाजी ऐकून हसलो. आता जरा इतिहास.

अब्द अल-रहमान पहिला हा दमास्कसच्या उमय्या घराण्यातला. ७५० मध्ये अब्बासींनी घराणं कापून काढलं, हा जीव घेऊन पळाला तो उत्तर आफ्रिकेतून इथे पोचला आणि ७५६ मध्ये कोर्दोबाचा अमीर झाला. मशीद ७८५ च्या सुमारास सुरू. पुढे प्रत्येकाने आपली भर घातली. त्यातली खलिफा अल-हकम दुसऱ्याची मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, बघताना लोक फोटो काढून पुढे जातात, हा अपराध आहे. सोन्याच्या काचतुकड्यांचं ते काम करायला बायझंटाइन सम्राटाकडून कारागीर मागवला होता. शिवाय ती मिहराब दक्षिणेकडे तोंड करून आहे, मक्का तिथून आग्नेयेला. यावर विद्वानांनी ढीगभर लिहिलंय.

शेवटची वाढ अल्मन्सूरची, खलिफाच्या नावाने कारभार हाकणाऱ्या वजिराची. नदीमुळे दक्षिणेला जागा नाही, म्हणून त्याने पूर्वेला आठ ओळी वाढवल्या आणि मिहराब मधोमध राहिली नाही. याच अल्मन्सूरने ९९७ मध्ये उत्तरेकडचं ख्रिस्ती तीर्थक्षेत्र सान्तियागो लुटलं आणि तिथल्या चर्चच्या घंटा कैद्यांच्या खांद्यावरून इथे आणवल्या, मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ मध्ये कास्तीलचा ख्रिस्ती राजा फर्नांदो तिसऱ्याने शहर जिंकल्यावर त्याच घंटा परत पाठवल्या, यावेळी मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून. हिशेब कुणी कुणाचा बाकी ठेवला नाही.

मधोमध उभं केलेलं कॅथेड्रल मात्र १५२३ नंतरचं. गावच्या नगरमंडळानेच विरोध केला होता, जो कारागीर पाडकामाला हात लावेल त्याला देहदंड अशी दवंडी पिटली. सम्राट कार्लोस पाचव्याने बिशपची बाजू घेतली. माझं मत विचाराल तर कॅथेड्रल एकटं कुठे दुसरीकडे असतं तर सुंदर म्हटलं असतं. तिथे ते घुसलेलं वाटतं. बायकोला उलट वाटतं. ती म्हणते त्या अंधारातून एकदम उजेडात आल्यावर बरं वाटलं.

सत्यमेव_२०:
आजोबा, म्हणजे त्याच्याही आधी तिथे चर्च होतं ना? मग आपल्याकडे जेव्हा

पारिजातक:
@सत्यमेव_२० ते इथे नको. वेगळा धागा काढा, तिथे भांडू. 🙏

खडूस_आजोबा:
व्हिसिगॉथांचं चर्च होतं असं परंपरा सांगते. खणून जे निघालं त्याचा अर्थ काय लावायचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एवढंच. पारिजातकताई, गप्प बसतो.

सुईदोरा:
कॅथेड्रलबद्दल काकूंशी सहमत.
बाकी मेस्कितेबाहेर त्या रोजमेरीवाल्या बायका. हातात काडी देतात, "गिफ्ट गिफ्ट" म्हणतात, हात धरतात, भविष्य सांगतात आणि मग पैसे मागतात. माझ्या आईचा हात धरला. आईने तिचाच हात उलटा करून बघितला आणि मराठीत सांगायला लागली, तुला दोन मुलगे, धाकटा त्रास देतो. ती बाई काडी घेऊन निघून गेली.

भटकभवानी:
@सुईदोरा तुमच्या आईंना दंडवत

मुशाफिर_हो:
मी तिथे विद्यापीठात शेतकीचं शिकायला होतो, ऑलिव्हच्या झाडांवर काम. जागा सान बासिलिओ भागात मिळाली, एका म्हाताऱ्या बाईंकडे. तिथली जुनी घरं म्हणजे मधे चौक, भोवती खोल्या, चौकात विहीर. पूर्वी एकेका खोलीत एकेक कुटुंब, स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा सामायिक. आपले चाळवाले डोळे झाकून राहू शकतील.

मे महिन्यात दोन आठवडे हे चौक लोकांना बघायला उघडे ठेवतात, पातियोंची स्पर्धा. पहिली स्पर्धा १९२१ ची, आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. बघायला पैसे पडत नाहीत, रांग लावायची. पण लोकांना दिसतात ते दोन आठवडे. मला दिसलं वर्षभर. फेब्रुवारीपासून बाई पांढऱ्या चुन्याचे हात मारायला लागायच्या, जिरेनियमच्या काड्या लावायच्या, कुंड्यांना निळा रंग. भिंतीवर पार वरपर्यंत कुंड्या टांगलेल्या, तिथे झारी पोचणार कशी? तर लांब वेळूच्या टोकाला एक पत्र्याचा डबा बांधलेला. विहिरीशेजारच्या हौदात डबा बुडवायचा, वेळू हळूहळू उभा करायचा, आणि बरोब्बर कुंडीवर नेऊन मनगट वळवायचं. मी केलं की निम्मं पाणी डोक्यावर. बाई सत्तरी ओलांडलेल्या, एक थेंब सांडत नसे. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी हेच, कुंड्या काहीशे. हात दुखत नाहीत का विचारलं तर म्हणाल्या, दुखतात की, पण शेजारणीला बक्षीस मिळालं तर जास्त दुखतं.

स्पर्धेच्या दिवसांत दारात खुर्ची टाकून बसायच्या. कुणी पानाला हात लावला की तिथूनच ओरडायच्या. रात्री सगळे गेल्यावर पाय मिठाच्या पाण्यात आणि गर्दीला शिव्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लिपस्टिक लावून परत खुर्चीत.

पारिजातक:
@मुशाफिर_हो आणखी लिहा ना. शेजारणीचं काय झालं?

मुशाफिर_हो:
त्या वर्षी दोघींनाही नाही मिळालं. त्यावरून दोघींची बोलाचाल परत सुरू झाली.

घारी_भोपळ्याची:
माझ्या सासऱ्यांनी कोर्दोबा ऐकून अर्जेंटिनाचे नकाशे काढले होते. तिथेही मोठं कोर्दोबा आहे म्हणे.
कुणी ग्रानादाच्या अल्हाम्ब्राचं तिकीट काढलंय का? नास्रिद राजवाड्याची वेळ चुकली तर सोडतात का?

कातळशिल्प:
@घारी_भोपळ्याची नाही सोडत. तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे ती वेळ. पासपोर्ट जवळ ठेवा, तिकीट नावावर असतं. आणि शक्य तितकं आधी काढा, आयत्या वेळी मिळत नाही.

घारी_भोपळ्याची:
धन्यवाद! शेंगेनला किती दिवस लागतात हल्ली

पारिजातक:
व्हिसाचा वेगळा धागा आहे, घारीताई 🙂

दगडधोंडे:
सगळे मेस्किता मेस्किता करताय, मदिना अझाहराला कुणीच गेलं नाही? गावाच्या पश्चिमेला आठेक किलोमीटर. अब्द अल-रहमान तिसऱ्याने ९३६ च्या सुमारास वसवायला घेतलेली राजधानी, पाऊणशे वर्षांत यादवी युद्धात लुटून जाळून खलास. पुढे लोक तिथला दगड नेऊन घरं बांधत राहिले. उत्खनन झालंय ते एक छोटा हिस्सा, बाकी अजून मातीखालीच. २०१८ मध्ये जागतिक वारशात. खाली संग्रहालय, तिथून बसने वर जायचं. मी गेलो तेव्हा मोडक्या नक्षीचे तुकडे जमिनीवर ओळीने मांडून ठेवले होते, कुठला कशाला जुळतो ते शोधत. पिढ्यान् पिढ्या चाललंय हे जुळवणं. मला मेस्कितेपेक्षा हे आवडलं, शिव्या घाला.

खडूस_आजोबा:
शिव्या नाहीत, शाबासकी. आम्हाला बस मिळाली नाही, याची चुटपुट अजून आहे.

चकलीभाजणी:
जुदेरियात, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत, एका पुतळ्याच्या पायाला हात लावून सगळे पुढे जात होते, मीही लावला. बूट घासून चकचकीत झालाय. कोण होते ते?

दगडधोंडे:
मायमोनिडीस. ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य, जन्म तिथलाच. हात लावला की शहाणपण येतं म्हणतात.

चकलीभाजणी:
आलं नाही

सुईदोरा:
😂😂

मोगरा_अबोली:
@उपाशी_विठोबा ते साल्मोरेहो घरी कसं करायचं? गॅसवर काहीच नाही ना? इथे दुपारी स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.

मुशाफिर_हो:
मी सांगतो, बाईंनी शिकवलंय. किलोभर लालभडक पिकलेले टोमॅटो मिक्सरमधून काढून गाळून घ्या. त्यात दोनशे ग्रॅम शिळा पाव दहा मिनिटं भिजवा. लसूण, मीठ घालून फिरवा. मग मिक्सर चालू ठेवून ऑलिव्ह तेल बारीक धारेने, पाऊण वाटी तरी. रंग लालचा केशरी झाला की जमलं. फ्रीजमध्ये गार करा. पाणी घालायचं नाही, घातलंत तर बाई तिथून ओरडतील.

मोगरा_अबोली:
पाव कुठला? लादीपाव चालेल?

मुशाफिर_हो:
गोड लागेल. ब्रून मिळतो का? दोन दिवसांचा शिळा घ्या.

मोगरा_अबोली:
अलिबागला मिळतो. भाच्याला सांगते. लसूण किती?

मुशाफिर_हो:
एकच पाकळी, तीही बारकी. आपल्या हाताने घातलीत तर दुसऱ्या दिवशी कुणी जवळ बसणार नाही.