संस्कृतीकेंद्री आरोग्यसंवादात संशोधन-अध्यापनाची वाट कशी धरावी?

प्रश्न : कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार. समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी सध्या सांगली जिल्ह्यातील माता-बाल आरोग्याच्या एका प्रकल्पावर काम करते. पत्रके आणि भित्तिचित्रे वरून ठरून येतात, ती गावात वाटणे एवढेच आमच्या हाती असते. आरोग्यसंवर्धन आणि लोकांच्या संस्कृतीला केंद्रस्थानी ठेवणारा आरोग्यसंवाद या विषयात पीएच.डी. करून अध्यापनाकडे वळावे असे मनात आहे. या क्षेत्रातील अभ्यासकाची कारकीर्द कशी घडते, आणि इथे राहून तिची सुरुवात करता येईल का?

उत्तर : माणदेशी (सातारा)

ताई, यासाठी कॉलिन्स एअरहिहेनबुवा यांची कारकीर्द अवश्य अभ्यासावी. नायजेरियातून अमेरिकेत गेलेल्या या अभ्यासकाने १९८९ मध्ये ‘पेन-३’ हा संस्कृतीला केंद्रस्थानी ठेवणारा आरोग्यविषयक आराखडा मांडला, पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले आणि पुढे सेंट लुईस विद्यापीठात अधिष्ठातापद सांभाळले. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमासाठी तयार झालेल्या संवाद-आराखड्यातही त्यांचा मोठा वाटा होता. एकट्या व्यक्तीला उपदेश करून भागत नाही, तर सरकारी धोरण, आर्थिक स्थिती, संस्कृती, लिंगभाव आणि अध्यात्म यांचा विचार आधी व्हावा, अशी त्यातली भूमिका आहे.

मला त्यांचा सर्वांत मोलाचा वाटणारा आग्रह असा की, संस्कृतीकडे केवळ अडथळा म्हणून पाहू नये. तिच्यातले हितकारक काय, निरुपद्रवी काय आणि घातक काय, हे याच क्रमाने शोधावे. आपल्याकडचे हळदीकुंकू घ्या. एरवी घराबाहेर न पडणारी सूनही तिथे मोकळेपणाने येते आणि बोलते, हे हितकारक. वाण कोणते लुटायचे हा ज्याच्या त्याच्या रीतीचा भाग, त्यात ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. मात्र विधवांना बोलावणे जात नाही, आणि रक्तदाब-मधुमेहाची तपासणी त्याच कार्यक्रमाला जोडली, तर जिला तिची सर्वाधिक गरज असू शकते तीच बाई नेमकी वगळली जाते. असे बारकावे तुम्ही रोज पाहता. संशोधनाचा प्रश्न तिथूनच निघावा.

उत्तर : ऊसपट्टा (वाळवा)

मोहन ज्योती दत्ता यांचेही काम वाचावे. खरगपूरच्या आयआयटीत कृषी अभियांत्रिकी शिकून ते संवादशास्त्राकडे वळले आणि अमेरिका, सिंगापूर व न्यूझीलंड येथील विद्यापीठांत त्यांनी काम केले. संस्कृती, समाजरचना आणि लोकांचे स्वतःचे कर्तेपण या तिन्हींचा एकत्र विचार ते करतात. आमच्या भागात हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. उचल घेऊन आलेल्या जोडप्याला खाडा केला की पैसे कापले जाण्याची धास्ती असते. अशा वेळी गरोदर बाईला ‘तपासणी चुकवू नका’ असे सांगणारे पत्रक कितीही गोड मराठीत लिहिले, तरी तिचा दिवस मुकादमाच्या हातात आहे हे वास्तव बदलत नाही. काय बदलायला हवे हे तिनेच सांगावे आणि ते धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचावे, ही या पद्धतीची मागणी आहे.

उत्तर : विलिंग्डन परिसर (सांगली)

व्यावहारिक बाजू सांगतो. या नावाचा स्वतंत्र विभाग सहसा मिळत नाही. समाजशास्त्र, समाजकार्य, जनसंवाद किंवा सार्वजनिक आरोग्य यांपैकी एका दारानेच आत जावे लागते. तुम्हाला ‘नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा समाजकार्य विषयातून देता येईल. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ जवळ आहे, आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्थाही विचारात घ्यावी. सांगलीतच १९९२ पासून कार्यरत असलेल्या ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. एचआयव्ही प्रतिबंधाचे काम त्या स्त्रियांनी स्वतः पुढे नेले, हे समजून घेण्यासाठी तुम्हाला परदेशी जाण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आताच पाळावी. प्रकल्पासाठी घेतलेल्या मुलाखती प्रबंधात तशाच वापरता येत नाहीत. त्यासाठी संस्थेची परवानगी, नीतिमत्ता समितीची मान्यता आणि त्या बायांची नव्याने घेतलेली संमती लागते. तोवर स्वतःच्या निरीक्षणांची वही मात्र रोज लिहावी.