शेवटी 'स्ट्रेटच निघाली'? बायसेक्शुअल नायिका आणि प्रेमकादंबरीचा शेवट

कोरंपान

ग्रंथालयातून आणलेली एक इंग्रजी प्रेमकादंबरी परवा संपवली. नायिका बायसेक्शुअल, म्हणजे बायका आणि पुरुष दोघांकडेही ओढली जाणारी. पहिलं प्रेम एका मुलीवर, शेवटी जमतं ते एका पुरुषाशी. पुस्तक आवडलं. मिटणार एवढ्यात शेवटच्या परिच्छेदाखाली आधीच्या कुणा वाचकानं पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं : "म्हणजे शेवटी स्ट्रेटच निघाली!" स्ट्रेट, म्हणजे फक्त पुरुषांकडेच ओढली जाणारी. उद्गारचिन्ह दोनदा गिरवलेलं, कागदाला मागून वळ उठलेला.

त्या ओळीनं मी दोन दिवस अस्वस्थ आहे. माझ्या मते शेवटी तिनं एक माणूस निवडला, लैंगिकता नाही. जोडीदार ठरला म्हणून तिचं आधीचं प्रेम खोटं कसं ठरतं?

टेलर जेनकिन्स रीड यांच्या 'द सेव्हन हजबंड्स ऑफ एव्हलिन ह्यूगो'मध्ये (२०१७) एक म्हातारी नटी आपलं आयुष्य सांगते आहे. तिचं सगळ्यात मोठं प्रेम एका स्त्रीवर होतं हे कळल्यावर मुलाखत घेणारी तिला समलैंगिक ठरवून मोकळी होते. एव्हलिन तिला तिथल्या तिथे थांबवते आणि सांगते की मी बायसेक्शुअल आहे. पेन्सिलवाल्या वाचकाची आणि त्या मुलाखतकर्तीची चूक एकच आहे, दिशा फक्त उलट्या. तुम्हाला काय वाटतं?

जुनाजाणता

साफ असहमत. पेन्सिलवाल्याची बाजू मी घेतो.

अशा बऱ्याच कादंबऱ्या वाचून झाल्यावर मी एक साधी कसोटी लावायला लागलो. नायिका बायसेक्शुअल असल्याचं सांगणारं वाक्य खोडा आणि पुढे वाचा. कुठे अडलात का? बहुतेक ठिकाणी अडत नाही. विसाव्या पानावर "कॉलेजात माझी एक गर्लफ्रेंड होती" असं येतं, आणि पुढच्या तीनशे पानांत त्याचा मागमूस नसतो. मलपृष्ठावर मात्र ते ठळक अक्षरांत. अशा वेळी वाचकाला फसवल्यासारखं वाटलं तर त्याचं काय चुकलं?

आणि शेवटाला महत्त्व नाही, हे तर प्रेमकादंबरीच्या बाबतीत म्हणूच नका. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेच्या व्याख्येत दोनच अटी आहेत : केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. शेवट हा या प्रकाराचा कणा आहे. मग शेवटी कोण कुणाबरोबर उरलं याला अर्थ असणारच.

रातवाचक

शेवटाचा विषय निघालाच आहे, तर १९५२ सालची अमेरिकन कादंबरी 'स्प्रिंग फायर' आठवा. दोन कॉलेजतरुणींचं प्रेम. लेखिका मेरिजेन मीकर, टोपणनाव व्हिन पॅकर. प्रकाशकानं आधीच बजावलं होतं की शेवट सुखाचा चालणार नाही, कारण असं प्रेम चांगलं म्हणून दाखवलं तर टपाल खातं अश्लील ठरवून प्रती अडवेल. म्हणून एकीला वेड लागतं आणि दुसरीला 'कळतं' की तिचं मैत्रिणीवर प्रेम कधी नव्हतंच.

ते दुसरं वाक्य पुन्हा वाचा. प्रेम कधी नव्हतंच. 'स्ट्रेटच निघाली' हा शेवट तेव्हा सेन्सॉरच्या धाकानं लिहावा लागत होता. आज धाक उरलेला नाही, तरी वाचक तो शेवट स्वतःच्या पेन्सिलीनं जोडतो. मला याचं फार वाईट वाटतं.

निळीशाई

पहिल्यांदाच इथे लिहिते आहे. मी बायसेक्शुअल आहे आणि अकरा वर्षं एका पुरुषाशी सुखानं संसार करते आहे.

जुनाजाणता, तुमची कसोटी माझ्या आयुष्याला लावलीत तर मी नापास. माझं ते वाक्य खोडा, सकाळी उठण्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत कुठेही अडणार नाही. पण रात्री सिनेमा बघताना एखादी नटी पडद्यावर आली की नवरा पडद्याकडे न बघता आधी माझ्याकडे बघतो, आणि मी हसले की तोही हसतो. आमच्या घरात माझं बायसेक्शुअल असणं एवढंच दिसतं, आणि तेवढंही दिसलं नसतं तर मी गुदमरले असते.

टालिया हिबर्ट यांच्या 'टेक अ हिंट, डॅनी ब्राउन'मध्ये (२०२०) डॅनी पीएचडी करणारी, आधी बायका-पुरुष दोघांबरोबर राहिलेली. विद्यापीठाच्या इमारतीतून सुरक्षारक्षक झाफिर तिला उचलून बाहेर आणतो, व्हिडिओ सगळीकडे पसरतो आणि दोघं प्रेमात असल्याचं नाटक सुरू होतं. हा धिप्पाड माजी रग्बीपटू स्वतः प्रेमकादंबऱ्या वाचणारा! त्यांच्यामधला अडसर वेगळाच आहे. तिला प्रेमात पडायचं नाही, त्याला मनापासून प्रेम हवं आहे. तिचं बायसेक्शुअल असणं दोघांनाही अडचण वाटत नाही. ते वाचताना मी पुस्तक छातीशी धरून थोडा वेळ नुसती बसले होते. एरवी आमच्यासारखी बाई गोष्टीत आली की ती नवऱ्याला फसवणार, नाहीतर तिघांच्या खेळाला तयार असणार, हे वाचून वाचून मी थकले आहे.

जुनाजाणता

निळीशाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आयुष्याला कसोटी लावण्याचा मला अधिकार नाही, ते मी मागे घेतो.

कादंबरीवरचा आक्षेप मात्र कायम आहे. आयुष्यात जे घडतं ते घडतं, कादंबरीत काय दाखवायचं ते लेखक ठरवतो. तुम्ही सांगितलेला तो सिनेमाचा प्रसंग चार ओळींचा आहे, आणि माझ्या तीनशे पानांच्या पुस्तकांत नेमक्या त्या चार ओळी नसतात. नवरा आधी हिच्याकडे बघतो, हे मला पुस्तकात वाचायचं आहे. ते असेल तर शेवटी ती कुणाशीही लग्न करो.

शब्दवेल्हाळ

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. मराठीत बायसेक्शुअलसाठी 'उभयलिंगी' लिहिणं कृपया थांबवूया. उभयलिंगी फूल म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेलं फूल, हे आपण शाळेतच शिकलो. तो शब्द शरीररचनेचा आहे. इथे प्रश्न आकर्षणाचा आहे, त्यासाठी 'द्विलैंगिक' ठीक. एका परीक्षणात नायकाला 'उभयलिंगी तरुण' म्हटलेलं वाचलं तेव्हा परीक्षकाला पुस्तक कितपत कळलं असेल, हीच शंका आली.

दुसरीबाजू

कोरंपान, तुमचा राग समजतो, पण माझीही एक तक्रार ऐका. मी लेस्बियन आहे. दोन बायकांची सुखान्त प्रेमकथा शोधायला जाते तेव्हा त्याच यादीत स्त्री-पुरुषांच्या कथा मिसळलेल्या मिळतात, कारण नायिका बायसेक्शुअल. आधीच पर्याय कमी. मला हवं होतं ते सापडेपर्यंत पाच पुस्तकं खाली ठेवावी लागतात. ती पेन्सिल माझ्यासारखीच्या हातातली असू शकते. तिला बायसेक्शुअल माणसांचा तिरस्कार असेलच असं नाही. तिला स्वतःची गोष्ट मिळाली नसेल.

कोरंपान

दुसरीबाजू, हा विचार मी केलाच नव्हता. यादीत जोडी कोणती ते वेगळं आणि नायिका कोण ते वेगळं लिहिलं तर तुमचे कष्ट वाचतील, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण यादी चुकली याची शिक्षा नायिकेला नको.

आणि मजा बघा (मजा म्हणू की खेद), पुरुष नायक पुरुषाबरोबर गेला की हा प्रश्न उलटा होतो. केसी मॅकक्विस्टन यांच्या 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू'मध्ये (२०१९) अ‍ॅलेक्सला ब्रिटनच्या राजपुत्राच्या प्रेमात पडल्यावर स्वतःचा शोध लागतो. आधी मुलींवर केलेलं प्रेम तो नाकारत नाही, स्वतःला बायसेक्शुअल म्हणतो. तरी त्याला सर्रास गे नायक म्हटलेलं मी ऐकलं आहे. बाई पुरुषाबरोबर गेली तर स्ट्रेट, पुरुष पुरुषाबरोबर गेला तर गे. मग बायसेक्शुअल माणसानं नेमका कुठला शेवट करायचा?

आपल्याकडचं उदाहरण म्हणून सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' घ्या. भाऊ आणि बहीण, दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि कादंबरी त्या दोघांच्या तोंडून येते. कादंबरी म्हणून ती सुंदरच आहे, आणि ज्याच्यावर दोघांनी जीव टाकला त्याचं मन कळत नाही ही तिची ताकद. त्याला कुठलं लेबल लावायचा हक्क मला नाही. पण वाचताना सारखं वाटत राहिलं की याच्या तोंडून एक प्रकरण असतं तर? प्रेमकादंबरीकडून मला तेच प्रकरण हवं आहे.

जुनाजाणता

हे पटलं. त्या प्रकरणासाठी मीही पुस्तक विकत घेईन.

एक विचारायचं राहिलं. ती पेन्सिलीची ओळ खोडलीत का?

कोरंपान

रबर हातात घेतला होता. पण दुसरीबाजू म्हणतात तशी ती कुणाची तरी खरी निराशा असेल, म्हणून ठेवून दिला. मग पुन्हा पहिल्यापासून चाळलं. मधल्या एका प्रकरणात नायिकेला तिची जुनी मैत्रीण रस्त्यात भेटते. दोन मिनिटं बोलणं होतं आणि घरी आल्यावर ती नवऱ्याला सांगते, "आज ती भेटली. अजून छातीत धडधडतं आहे." तो तिच्यासाठी पाणी घेऊन येतो आणि शेजारी बसतो. पहिल्या वाचनात मीही तिथून भराभर पुढे गेले होते.

शेवटच्या पानावरच्या त्या पेन्सिलीच्या ओळीखाली मीही पेन्सिलीनंच लिहिलं आहे : "पान १४७ पुन्हा वाचा." पुस्तक उद्या परत करते आहे.