मंगळाच्या फोटोंत तुम्हाला काय ओळखीचं दिसलं?

क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या गाड्या मंगळावरून पाठवतात ते फोटो नासा सगळ्यांसाठी खुले ठेवते. आमच्याकडे रत्नागिरीत रात्रीची जेवणं आटोपली की ते मोठे करून बघणं चालतं. मला जांभ्याचा सडा (लाल दगडाचा उघडा कातळमाळ) दिसतो, आईला पाटा-वरवंटा. तुम्हाला काय दिसलं आणि ते नंतर काय निघालं, सविस्तर लिहा. १९७६ साली व्हायकिंग १ यानाने टिपलेला चेहरा मात्र नको. तिरप्या उन्हाच्या सावल्यांनी डोंगराला दिलेलं ते रूप २००१ च्या स्पष्ट फोटोत उरलंच नाही.

राजापूर : मे २०२२ मध्ये क्युरिऑसिटीच्या फोटोत खडकात दिसलेला तो 'दरवाजा'. आमची चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) आहे, त्यामुळे काटकोनी कड दिसली की नजर तिथेच जाते. बाबांनी फोटो नीट निरखला आणि म्हणाले, "हत्यार लागलेलं नाही. भेगा एकमेकींना छेदतात तिथला तुकडा निसटलाय." नासाच्या भूवैज्ञानिकांनीही हेच सांगितलं. उंची साधारण ३० सेंटिमीटर, रुंदी ४०. आमचे दोन चिरे एकावर एक ठेवले तर ते दार जवळपास बंद होईल.

वेंगुर्ले : आजीला २०१५ च्या फोटोत पळी दिसली, लांब दांड्याची, तिची सावलीसुद्धा खाली पडलेली. वाऱ्याने कोरलेला दगड तो. मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच, म्हणून इतका बारीक दांडा टिकून राहतो.

देवगड : मी शाळेत विज्ञान शिकवते. ऑपॉर्च्युनिटी या मंगळावरच्या आधीच्या गाडीला २००४ साली सापडलेल्या गोळ्यांचा फोटो वर्गात दाखवला. शास्त्रज्ञांनी त्यांना ब्लूबेरी म्हटलं होतं, पण आमच्या मुलांनी ते फळ कुठून बघितलेलं असणार? मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, अंगणात मिरी वाळत घातलीय!" आकारही तसाच, काही मिलिमीटरचा. त्या गोळ्यांत हेमॅटाइट हे लोहाचं खनिज आहे, पाणी मुरलेल्या खडकात तयार झालेलं. जांभ्याच्या लाल रंगामागेही लोहाचीच खनिजं आहेत. तो तास मला फार आवडला.

बारसू : आमच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीतही आहेत. म्हणून मंगळावरच्या 'आकृत्यां'बद्दल कळकळीने लिहितो. माणसाने कोरलेली रेघ सकाळीही असते, संध्याकाळीही असते, आणि तशीच आकृती दुसऱ्या गावच्या सड्यावरही भेटते. ऊन फिरल्यावर जी पुसली जाते ती सावली. कृपया दोन्हींना एका मापाने मोजू नका.

मालवण : माझा अनुभव जरा वेगळा आहे, कारण इथे साम्य खरं निघालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्युरिऑसिटीने माउंट शार्प या मंगळावरच्या डोंगराच्या उतारावरच्या खडकात पडलेल्या वळ्या दाखवल्या. त्या थरांच्या काळापर्यंत मंगळ सुकत चालला होता असा अंदाज होता. आमचे काका रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जातात. फोटो बघताक्षणी म्हणाले, "ह्या पाण्याचा काम." ओहोटीला किनाऱ्यावर उतरलात तर पायाखाली हेच लागतं. लाट पुढे-मागे हलते, त्यामुळे वळीचे दोन्ही उतार सारखे होतात. वाऱ्याने पडलेल्या वळीचा एक उतार सपाट आणि दुसरा उभा असतो. शास्त्रज्ञांचा निष्कर्षही लाटांचाच आहे : अब्जावधी वर्षांपूर्वीचं उथळ तळं, त्याच्या तळाचा गाळ लाटांनी ढवळलेला.

दरवाजा आणि पळी यांचा नुसता आकार आपल्यासारखा. वळ्यांचं कारणही आपल्याच किनाऱ्यासारखं आहे, आणि मला हे फार मोठं वाटतं. लाटा वळ्यांना आडव्या येतात, म्हणून त्या कुठल्या रेषेत हलत होत्या तेही काका आता शोधतायत. त्या थराचे रुंद फोटो कुणी जमवले असतील तर इथे नक्की द्या.