बायकोच्या पीपीएफ मध्ये मी पैसे टाकले तर टॅक्स कोणाला लागते?

झेडपी_मास्तर:
नमस्कार मंडळी. मी झेडपी शाळेवर आहो, गाव दारव्हा तालुक्यात. माझ्या पीपीएफ (सरकारची १५ वर्षांची बचत योजना) मध्ये दरवर्षी १.५ लाख भरून होते, त्याच्यावर टाकता येत नाही. आता कापूस विकला, थोडा डीए (महागाई भत्ता) चा थकलेला एरिअर्स पण आला, तर मिसेसच्या पीपीएफ मध्ये टाकायचा विचार आहे, तिचं खातं पोस्टात मागच्या वर्षी काढलं, त्यात ५०० रुपयेच आहेत. ती शिवणकाम करते, बचत गटात आहे, पगार नाही. शाळेतले एक सर म्हणतात बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्याच नावावर धरतात, त्यापेक्षा एफडी कर. दुसरे म्हणतात नवराबायको मिळून १.५ लाखच चालते. खरं काय आहे? मी ओल्ड रिजीम (टॅक्सची जुनी पद्धत, त्यात गुंतवणुकीवर सवलत मिळते) मध्ये आहो.

वर्धेचा_अकाउंटंट:
गुरुजी, दोघांची लिमिट वेगळी. तुमचे १.५ लाख, वहिनींचे १.५ लाख. एकत्र धरतात ते आपलं आणि अज्ञान (१८ वर्षांखालच्या) पोराच्या नावाचं खातं, त्यातून हा घोळ झाला असेल.
क्लबिंगचं, म्हणजे बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात हे, तुमच्या सरांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण पीपीएफ चं व्याजच करमुक्त आहे, मग तुमच्या उत्पन्नात धरलं तरी त्याच्यावर टॅक्स कुठून लागणार? उलट एफडी मध्येच फसाल. वहिनींच्या नावाने १.५ लाखाची एफडी केली आणि ७ टक्क्यांनी १०,५०० व्याज आलं तर ते तुमच्या रिटर्न मध्ये दाखवावं लागते, त्यांनी टॅक्स कापू नका म्हणून बँकेत फॉर्म भरला तरी ते व्याज त्यांचं होत नाही. बायकोला दिलेल्या पैशावर गिफ्ट म्हणूनही टॅक्स नाही.
गुंतवणुकीवरच्या टॅक्स सवलतीत मात्र जास्तीचं काही मिळणार नाही, तो कोटा तुमच्याच खात्याने संपला. चेकने टाका, म्हणजे नोंद राहते. आणि ५ तारखेच्या आत, कारण ५ पासून महिनाअखेरपर्यंत जो कमीत कमी बॅलन्स असतो त्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतात. ५ एप्रिलच्या आत पूर्ण १.५ लाख गेले तर ७.१ टक्क्यांनी वर्षाचे १०,६५० होतात.

पुसदची_ताई:
हिशोब झाला, आता माझं ऐका भाऊ. एकदा टाकले की ते पैसे वहिनींचे, पीपीएफ जॉइंट होत नाही. आणि मला तर तेच सगळ्यात चांगलं वाटते. आपल्याकडे सातबारा नवऱ्याच्या नावाने, घर सासऱ्याच्या नावाने, बाई जन्मभर निंदण वेचण करते आणि तिच्या नावाने कागद म्हणाल तर रेशनकार्ड. माझ्या भावकीत नवरा गेल्यावर एका बाईले बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, खात्यात पैसा होता पण तिचं नाव कुठंच नव्हतं. म्हणून पासबुक वहिनींच्याच पेटीत राहू द्या, मेसेज त्यांच्या मोबाईलवर येऊ द्या, आणि काउंटरवर स्लिप त्यांनाच भरू द्या. शिवणकामाचे पैसे पण थोडे थोडे त्याच खात्यात टाका, त्यांच्या स्वतःच्या कमाईले क्लबिंग लागतच नाही.

झेडपी_मास्तर:
ताई, हे पटलं. पण मधात बोअरले किंवा खरीपाले गरज पडली तर काढता येते का?

वर्धेचा_अकाउंटंट:
लगेच नाही. खातं काढलं ते वर्ष सोडून पाच वर्षं पैसे निघत नाहीत, पुढेही फार तर निम्मे. तिसऱ्या वर्षापासून थोडं लोन मिळते, पण वहिनींच्या खात्यात सध्या ५०० च असल्याने सुरुवातीला त्याचा काही उपयोग नाही. बियाणं, खत, बोअर याचे पैसे बाजूला काढून मगच उरलेले टाका. एक मोठी गोष्ट म्हणजे वहिनींवर उद्या कोणाचं देणं निघालं तरी कोर्टाच्या हुकुमाने पीपीएफ ची रक्कम जप्त होत नाही. आणि १५ वर्षांनी पैसे निघाले की एफडीत टाकू नका, तुम्ही दिलेल्या रकमेवरचं व्याज परत तुमच्याकडेच धरतील, पाच पाच वर्षांनी खातंच वाढवत न्या.

पुसदची_ताई:
नॉमिनी टाकला का भाऊ? खातं काढताना राहिला असेल तर पैसे भराले जाल तेव्हाच फॉर्म देऊन या.